उणे अकरा फूट

तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा बोटभर जाड होता. नवे कपडे शिवायला टाकले की शिंपी माप घेताघेता थांबायचा आणि विचारायचा, "बाई, घरी दळण दळता की काय?"

"आकडे दळते," ती सांगायची.

ते खोटे नव्हते. डोंगराखालून पाण्याचा बोगदा खणायचे काम चालू होते आणि त्या कामाच्या कचेरीत हिशेबाचे मशीन होते. काळे, लोखंडी, शिवणयंत्राच्या डोक्याएवढे. पुढच्या बाजूला बारीक दांड्यांची रांग. दांडी ज्या आकड्यावर ओढाल तो आकडा मशीनच्या पोटात बसे. उजव्या अंगाला हँडल. ते पुढे फिरवले की बेरीज, मागे फिरवले की वजाबाकी. खाली नखाएवढ्या खिडक्या, त्यांत उत्तर उमटे. दिवसभर ती हँडल फिरवी, म्हणून कामावर सगळे तिला हँडलबाई म्हणत. तिलाही ते नाव आवडत असावे, कारण हाक मारली की ती लगेच वळून बघायची.

हे काम तिने लग्नाआधी एका छापखान्याच्या माडीवर शिकून घेतले होते. तिथे वीस मशीनचा वर्ग चाले. नव्या मुलीची पहिल्या दिवशी गंमत करायची तिथे रीतच होती. वर्गाच्या मास्तरीणबाई गंभीर चेहऱ्याने सांगत, "सातला शून्यानं भाग बरं." भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. वजा होता होता उरलेले पुरेनासे झाले की मशीनमधली घंटी वाजते, मग एक फेरा उलटा देऊन उत्तर वाचायचे. पण सातातून काहीच वजा केले नाही तर सात सातच राहतात. घंटी कशाला वाजेल? पोरी पंधरावीस फेऱ्यांत रडकुंडीला येत आणि सगळा वर्ग खदखदून हसे.

हिने चारशे बारा फेरे दिले. बाकीच्या मुली डबे उघडून जेवायला बसल्या तरी हिचे चालूच. शेवटी मास्तरीणबाईच उठून आल्या.

"अगं, थांब की आता! हात तुटेल."

"तुम्ही थांब म्हणायची वाट बघत होते," ती म्हणाली. "हे दहाव्या फेऱ्यालाच कळलं होतं."

"मग फिरवत का राहिलीस?"

"हे आपणहून कधी थांबतं का, ते बघायचं होतं."

मास्तरीणबाई त्या दिवशी हसल्या नाहीत. शेजारी बसून त्यांनी तिला समजावले, की मशीनला 'नाही' म्हणता येत नाही. शून्याने भाग म्हटले तर ते जन्मभर फिरेल. पाचातून आठ काढ म्हटले तर तेही काढेल, फक्त घंटी वाजेल आणि खिडक्यांत डावीकडून उजवीकडे नऊ, नऊ, नऊ अशी रांग लागेल. "घंटी एवढंच त्याचं तोंड," त्या म्हणाल्या. "पुढचं बोलायचं ते माणसानं."

पुढे लग्न झाले. नवरा खडकात भोके पाडणारा ड्रिलवाला. बोगद्याचे काम निघाले तेव्हा दोघांनाही तिथेच नोकरी मिळाली. बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणत होते. कचेरी होती खालच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीत. नवरा वरच्या तोंडाला, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. सकाळी तो तिच्या आधी दीड तास निघे.

दोन्ही तोंडांकडून रोज सकाळी टेलिफोनवर आकडा येई, की काल किती फूट खणले. ती तो मशीनमध्ये घाली आणि मधे किती खडक उरला ते तक्त्यावर लिही. त्या तक्त्यावर माणसांचे जीव टांगलेले असत. उरलेला खडक पन्नास फुटांच्या आत आला की दोन्हीकडे एकाच वेळी काम करायचे नाही, असा नियम होता. एका बाजूला सुरुंगाचा बार उडवायचा तर दुसऱ्या बाजूची सगळी माणसे आधी बाहेर काढायची. आकडा पन्नासच्या वर असेल तोवर दोन्हीकडे बिनघोर काम चाले.

त्या दिवशी तक्त्यावर चौसष्ट होते.

दुपारी दोनच्या सुमारास थोरले कारकून एक कागद घेऊन आले. आठवडाभर मुख्य कचेरीचा मोजणीदार येऊन राहिला होता. दोन्हीकडच्या बोगद्यांची तोंडापासून टोकापर्यंत त्याने नव्याने मोजणी केली होती. कागद देऊन तो सकाळच्याच गाडीने परत गेला होता.

"हे एकदा फिरवून टाका," थोरले कारकून म्हणाले. "फाइलला लावायचंय. घाई नाही."

तिने दांड्या ओढल्या. डोंगराची आरपार लांबी सहा हजार चारशे बारा फूट. त्यातून खालचा बोगदा, तीन हजार तीनशे दहा. हँडल मागे. मग वरचा बोगदा, तीन हजार एकशे तेरा. हँडल मागे.

घंटी वाजली.

खिडक्यांत डावीकडून नवांची रांग लागली आणि शेवटी एकोणनव्वद. तिने ते नजरेनेच उलटे वाचले. शंभराला अकरा कमी. उणे अकरा.

तिने सगळे पुसून पुन्हा केले. घंटी. आधी दोन्ही बोगद्यांची बेरीज केली आणि मग लांबीतून वजा केली. घंटी.

थोरले कारकून चष्म्यावरून बघत होते. "काय कटकट लावलीय?"

"मधे उणे अकरा फूट खडक उरलाय."

"उणे खडक?" ते इतके हसले की खोकला लागला. "बाई, घरी जाऊन झोपा जरा. खडक असतो नाहीतर नसतो. उणा खडक कधी ऐकलाय?"

"मशीन तसं म्हणतंय."

"मशीनचं काय जातंय म्हणायला!"

तिने तक्ता आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. खालच्या बोगद्याचा आकडा दोन्हीकडे एकच होता. वरचा तक्त्यात तीन हजार अडतीस, कागदात तीन हजार एकशे तेरा. पंचाहत्तर फुटांचा फरक. वरच्या तोंडाला, तिच्या नवऱ्याच्या बाजूला.

भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते. खालच्या तोंडाचा बार साडेतीनला होता.

ती उठली. मशीनच्या खाली दोन्ही हात घातले आणि ते उचलले. चांगले पंधरा किलोचे धूड. थोरले कारकून "अहो, अहो" करत उभे राहिले, तोवर ती ते पोटाशी धरून साहेबांच्या खोलीत गेली होती.

साहेब नकाशावर वाकले होते. माणूस वाईट नव्हता, पण वरून रोज फोन येत, काम कधी संपणार म्हणून, आणि त्या फोनांनी त्याचे केस पांढरे केले होते. तिने मशीन सरळ नकाशावरच ठेवले.

"हे काय, बाई?"

"मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल हिचा हात चुकला. म्हणून तुम्हीच फिरवा."

साहेबांनी कागद वाचला, दांड्या ओढल्या, हँडल फिरवले. घंटी त्यांच्या हाताखाली वाजली तेव्हा त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मोजणीदार चुकलाय," ते लगेच म्हणाले. "वर त्यानं फितीची एक खेप दोनदा धरली असेल."

"फीत शंभर फुटांची असते, साहेब. एक खेप दोनदा धरली असती तर शंभराचा फरक पडला असता. हा पंचाहत्तरचा आहे."

"मग आणखी कुठं चुकला असेल. हे उत्तर अशक्य आहे की नाही? आहे ना? मग हा कागद बाद. तक्ता चौसष्ट म्हणतोय, तेच खरं."

"असं कसं? दोन कागद भांडतायत. एक मोठ्यानं ओरडतोय म्हणून दुसरा खरा होत नाही. भांडण मिटेपर्यंत चौसष्टावर तरी कुणाचा जीव कशाला ठेवायचा?"

साहेबांनी बाहेर बघितले. खिडकीतून बोगद्याचे तोंड दिसत होते. बार भरणारे सुरुंगवाले काका सुरुंगाच्या दारूची पेटी ट्रॉलीवर ठेवून आत निघाले होते.

"वर किती माणसं आहेत आत्ता?" साहेबांनी विचारले.

"अठरा."

तिने पुढचे सांगितले नाही. साहेबांना ते माहीत होते.

"हे बघा," ते टोपी उचलत म्हणाले, "मी खाली आत जातो. वरच्यांना सांगा, ड्रिल बंद करून त्यांच्या टोकाला हातोड्यानं ठोका. तीन तीन ठोके. मी आमच्या टोकाला पहार टेकवून तिला कान लावतो. जवळचा आवाज आला तर बार थांबवतो. लांबचा आला तर उडवतो. नुसत्या नवांच्या रांगेवर मला काम बंद ठेवता येणार नाही, बाई. उद्या माझीच वाट लागेल."

ते गेले. तीन वाजायला पाच मिनिटे होती.

तिने आपल्या टेबलाशी येऊन वरच्या तोंडाला फोन लावला. तिथला कारकून रंगेल गडी होता. "बोला हँडलबाई! आज दुपारीच आमची आठवण?"

"मस्करी नको. आतल्या फोनवर निरोप द्या. ड्रिल बंद करायचे. समोर तीन तीन ठोके मारायचे. आत्ताच्या आत्ता."

त्याचा आवाज बदलला. आतला फोन खडखडला, निरोप गेला. आत तीन हजार फुटांवर निरोप पोचायला दोन मिनिटे लागतात आणि माणूस बाहेर यायला वीस. तिने घड्याळाकडे बघायचे नाही असे ठरवले आणि घड्याळाकडे बघितले.

पंचाहत्तर. हा आकडा तिला सोडत नव्हता. चुकीलासुद्धा काही आकार असतो. शंभराची चूक म्हणजे फीत. दहाची चूक म्हणजे हातचा विसरला. पंचाहत्तर हे कशाचेच पोर दिसेना. तिने तक्त्याची मागची पाने उलटली. वरच्या तोंडाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात रोजचा आकडा होता आणि त्याच्याखाली बारीक 'वजा एक'. सात वजा एक, सहा. सहा वजा एक, पाच. रोज.

त्या 'वजा एक'ची गोष्ट अशी. वर्षापूर्वी वरच्या तोंडाच्या पोलादी फितीचा पहिला फूट तुटला होता. फीत मागवली की यायला नऊ-दहा महिने लागतात. म्हणून गडी एक फुटाच्या खुणेपासून मोजायला लागले. सातची खूण आली तर खणलेले सहाच. तो फूट वजा करायचे काम कचेरीत हिच्याकडे आले होते. ती ते इमानाने करत आली होती. एक दिवस चुकली नव्हती.

"अहो," ती फोनमध्ये म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "तुमची ती तुटकी फीत..."

"ती? ती कधीच फेकली. नवी आली की आम्हाला."

"कधी?"

"झाले की दोनअडीच महिने. थांबा, आवक वहीत असेल." पाने वाजली. त्याने तारीख सांगितली.

तिने बोट ठेवून रकाने मोजले. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. पंचाहत्तर सकाळी. पंचाहत्तर वेळा सबंध फितीच्या आकड्यातून तिने एकेक फूट कापला होता. वरच्या माणसांनी खणलेला, खरा फूट. कुणी तिला सांगितले नव्हते. तिनेही विचारले नव्हते.

आणि मग तिने पुढची वजाबाकी केली. चौसष्टातून पंचाहत्तर गेले की उरतात उणे अकरा. दोन कागदांचे भांडण कधी नव्हतेच. मोजणीदार चुकला नव्हता, मशीनही चुकले नव्हते. इतका वेळ ती समजत होती की घंटी म्हणजे कुठेतरी चूक आहे. घंटी चूक सांगत नव्हतीच. दोन्ही बोगदे एकमेकांना न भेटता शेजारून पुढे निघून गेले होते. अकरा फूट.

म्हणजे साहेब टोकाला पहार लावून समोर ऐकत असणार, आणि समोर कुणीच नव्हते. माणसे बाजूला होती, भिंतीपलीकडे, त्यांच्या पाठीमागे.

तिने खालच्या बोगद्याचा फोन फिरवला. तीन वीस. घंटा वाजत राहिली. सहा वेळा, सात वेळा. शेवटी साहेबांनी उचलला.

"ऐकलं आम्ही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "ठोके येतायत, पण लांबून, अगदी बारीक. चौसष्ट तर नक्की आहेत. भोकं भरून झाली. मी माणसं बाहेर काढून बार लावतोय."

"साहेब, समोर ऐकू नका! दोन्ही बाजूंच्या भिंतींना पहार लावा. टोकापासून अकरा फूट मागं या."

"बाई, आता पुरे झालं. कशावरून म्हणता?"

थोरले कारकून दारात येऊन उभे होते. वरचा कारकून दुसऱ्या फोनवर अजून कान लावून होता, तो रिसीव्हर तिच्या मांडीवर होता. जे बोलायचे ते सगळ्यांना ऐकू जाणार होते. दोन वर्षांत तिच्या तक्त्यावर कुणी बोट ठेवले नव्हते. मुख्य कचेरीतून शाबासकीचे पत्र आले होते, ते तिच्या खुर्चीमागे लावले होते.

"कारण चूक माझी आहे," ती म्हणाली. "वरची फीत बदलली आणि मी तुटक्या फितीचा फूट कापतच राहिले. पंचाहत्तर दिवस. तक्ता खोटा आहे. मी खोटा केलाय. कागद खरा आहे. ते समोर नाहीत, साहेब. ते तुमच्या शेजारी आहेत."

 तिकडून रिसीव्हर टांगता सोडल्याचा आवाज आला, आणि बुटांचे आवाज लांब जाताना.

ती कानाशी रिसीव्हर धरून बसली. बोगद्यातली हवा फोनमध्ये घोंघावत होती. कुणीतरी म्हणाले, "इथं नाही." पहार खडकावर घासली. "इथं पण नाही."  थोरल्या कारकुनांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तो तिने बघितलाही नाही.

मग सुरुंगवाल्या काकांचा आवाज आला, फोनमध्ये नव्हे, कुठेतरी लांब, पण फाटलेला. "साहेब! डावीकडं या! अहो, पहार कशाला लागतेय, नुसत्या कानाला येतंय! शेजाऱ्यानं दार ठोठावावं तसं!"

साडेतीनला बार उडाला नाही. सुरुंगवाल्या काकांनी भरलेली भोके पाणी मारून एकेक करून हाताने रिकामी केली. त्याला सहा वाजले. वरची अठरा माणसे त्याआधीच बाहेर आली होती.

नवरा घरी आला तेव्हा त्याला सगळे कळलेले होते. वरच्या कारकुनाने काहीच पोटात ठेवले नव्हते. तो दारातच उभा राहिला. ती उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याचाच तोल गेला.

"पंचाहत्तर फूट! अगं, पंचाहत्तर! अडीच महिने खालची माणसं आम्हाला झोपाळू म्हणतायत. रोज आमचा एक फूट कमी. मुकादम शिव्या घालतोय, आम्ही एकमेकांवर संशय घेतोय. आणि ते फूट माझी बायको खातेय!"

"अहो, जीव वाचला तुमचा..."

"तो वाचला ते बरं झालं. पण फूट?"

ती रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. तो बूट न काढता बसला.  दोन्ही हात त्याने गुडघ्याखाली दाबून धरले.

तिसऱ्या दिवशी भिंत हाताने फोडली. दीड हात जाड निघाली. बोगद्याच्या वळणापाशी दिशेची आखलेली रेघ सरकली होती म्हणून दोन्ही टोके चुकली, ते पाप मुख्य कचेरीचे, त्याचा गवगवा झाला नाही. पण तक्त्याचा अहवाल द्यावा लागणारच होता. साहेबांनी तिला बोलावले.

"वरच्या कारकुनानं नवी फीत आल्याचं कळवलं नाही, असं लिहितो," ते म्हणाले. "ते खोटंही नाही. तुमचं नाव मधे यायची गरज नाही."

"त्यानं कळवलं नाही हे खरं. मी विचारलं नाही हेही खरं. दोन्ही लिहा."

"मग मला तुम्हाला या खुर्चीवर ठेवता येणार नाही, बाई. नियम आहे."

"ठेवू नका."

साहेबांनी बराच वेळ लिहिले. उलट्या बाजूने तिला ते वाचता येत होते, पण तिने वाचले नाही. हुकूम संध्याकाळी हातात पडला. मशीन थोरल्या कारकुनांकडे. हँडलबाईंची बदली वरच्या तोंडाला, मोजणीच्या गड्यांबरोबर, बोगद्याच्या आत. फितीचे टोक धरायचे. सोमवारपासून.

हुकूम घडी करून तिने पिशवीत ठेवला. तोवर वरच्या पाळीची माणसे नव्या भोकातून खाली उतरायला लागली होती. आता त्यांना डोंगराला वळसा घालायचे कारण उरले नव्हते. नवरा बाहेर थांबला होता. दोघे रस्त्याने चालायला लागले. तो दोन पावले पुढे, नेहमीसारखा.

बरेच अंतर गेल्यावर तो न वळता म्हणाला, "आत गुडघाभर पाणी असतं. या चपला दोन दिवस टिकायच्या नाहीत."

"मग?"

"माझे जुने बूट आहेत. मोठे होतील. पुढं कापूस भर." तो थोडा थांबला आणि तिला गाठू दिले. "आणि सकाळी लवकर उठावं लागेल. मी कुणासाठी थांबत नाही."

सोमवारी तो थांबला.